चूक सांगावी कशी?

दिवाळीच्या चकल्या तळताना एखादीचा पहिला घाणा तेलात विरतो. अशा वेळी स्वयंपाकघराच्या दारातून दोन तऱ्हेची मंडळी डोकावतात. एक म्हणजे आमच्यासारखे पुरुष. आम्ही म्हणतो, "बिघडल्या वाटतं!" आणि पेपर घेऊन पुन्हा आरामखुर्चीकडे वळतो. दुसरी म्हणजे एखादी पोक्त मावशी किंवा आत्या. ती कढईपाशी येते, झाऱ्यातला तुकडा पाहते आणि म्हणते, "मोहन अंमळ जास्त पडलंय गं. मूठभर भाजणी मिसळ नि पुन्हा मळ, होतील छान." चूक दोघांनीही सांगितली. पण एकाच्या सांगण्याने गृहिणीचे डोळे भरून येतात आणि दुसरीच्या सांगण्याने दुसरा घाणा खुसखुशीत उतरतो.

मी मराठीचा प्राध्यापक. वीस वर्षे झाली, दुसऱ्यांच्या चुका काढणे हाच माझा चरितार्थाचा धंदा आहे. तरीसुद्धा या दोन सांगण्यांतला फरक मला कोणा साहित्यशास्त्राच्या ग्रंथाने शिकवला नाही. तो शिकवला कार्यालयातल्या संगणकावर उघडणाऱ्या, दोन बोटे रुंदीच्या, हळदीच्या रंगाच्या एका चिठ्ठीने. त्या शिकवणीची फी मात्र मी भरली नाही. ती भरली आमच्या नाचणगावातल्या एका मुलीने. आज ती हकीकत सांगायची आहे.

नाचणगाव कुठे, असे पुण्यामुंबईचे वाचक विचारतील. मुंबईहून नागपूरला जाताना वर्धा नदी ओलांडली की पुलगाव स्टेशन लागते. एकेकाळी कापडगिरणीचे म्हणून आणि पुढे लष्कराच्या दारूगोळा भांडाराचे म्हणून हे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्या पुलगावाला अगदी खेटून असलेले आमचे नाचणगाव. देवळी तालुका, जिल्हा वर्धा. शिवारात कापूस, तूर आणि सोयाबीन. आणि घरोघर, कापसाच्या भावाइतकीच मुलांच्या शिक्षणाची काळजी. माझे घर गावातच आहे. मी शिकवतो ते महाविद्यालय जवळच्याच एका गावी. त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, कारण पुढे घडले त्यात दोष असलाच तर तो बराचसा माझा आहे.

आमच्या महाविद्यालयात गरजू मुलांसाठी एक छोटासा साहाय्यनिधी आहे. दर वर्षी पन्नासेक मुलांची फी त्यातून परस्पर बँकेत भरली जाते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये या निधीचे अर्ज संगणकावर उतरवून घेण्याचे काम कार्यालयात माणूस कमी म्हणून माझ्याकडे आले. अर्जासाठी कोणीतरी पूर्वी करून दिलेला एक कार्यक्रम कार्यालयाच्या संगणकावर होता. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, बँकेचे खाते, बँकेचा आयएफएससी संकेत अशा एकाखाली एक चौकटी. मुले समोर बसत, कागद पुढे करीत, आणि मी दोन बोटांनी टकटक करीत चौकटी भरीत असे.

त्या रांगेत प्रथम वर्षाची एक मुलगी होती. वडील नाहीत, आई शेतमजुरीला जाते. मुलगी वर्गात पहिल्या बाकावर बसणारी आणि निबंधात स्वतःचे वाक्य लिहिणारी. मराठीच्या मास्तरला असा विद्यार्थी म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक! तिचा अर्ज मी विशेष काळजीने भरला. बँकेचा संकेत टाकून पुढच्या चौकटीत गेलो, तोच मागच्या चौकटीच्या उजव्या अंगाला एक तांबडे वर्तुळ लुकलुकू लागले. त्यात पांढरे उद्गारचिन्ह. मला वाटले, बॅटरीबिटरीचे काही असेल. तरी कुतूहलाने माउसचा बाण त्यावर नेला. क्षणभराने एक पिवळी चिठ्ठी उघडली. तीत इंग्रजीत काहीतरी बारीक लिहिलेले होते. आता वयोमानाने आलेली चाळिशी माझ्या खिशात होती. ती काढून, पुसून नाकावर चढवेपर्यंत चिठ्ठी मिटूनही गेली! पुन्हा बाण फिरवण्याचा कंटाळा केला. बाहेर रांग खोळंबली होती. मी 'सेव्ह' दाबले, यंत्राने ते मुकाट्याने घेतले, आणि मी "पुढचा!" म्हणून हाक दिली.

डिसेंबरात निधीची यादी लागली. तिच्यात या मुलीचे नाव नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की, तिच्या अर्जात बँकेच्या संकेताची चौकट कोरी होती, आणि कोरी चौकट असलेले अर्ज 'त्रुटी' या सदराखाली बाजूला पडले होते. रक्कम वाटून झाली होती. मी प्राचार्यांना भेटलो, माझ्या खिशातून फी भरतो म्हणालो. पण तोपर्यंत मुलगी वर्गात यायची थांबली होती. ती वर्ध्याला एका दुकानात कामाला लागली होती. एका रविवारी मी तिच्या घरी गेलो. आई अंगणात तूर पाखडीत होती. माझे अडखळत चाललेले स्पष्टीकरण तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमची काय चूक जी सर? ते मशीन बोललीच नाही, तं तुम्हाले कसं समजन?"

ती माउली मला निर्दोष सोडून मोकळी झाली. पण घरी परतताना मला राहून राहून वाटत होते की, मशीन तर बोलले होते! अगदी वेळेवर बोलले होते. मग ते मला ऐकू का आले नाही?

पुढच्या मे महिन्यात माझा भाचा सुटीला आला. तो पुण्यात संगणकाचे कार्यक्रम लिहिण्याची नोकरी करतो. उन्हाचा कडाका, वीज गेलेली, आणि आम्ही दोघे ओसरीवर वारा घेत बसलेले. मी त्याला सारी कथा सांगितली. तो हसला नाही, उलट गंभीर होऊन म्हणाला, "मामा, हा प्रकार आमच्याकडे रोज होतो. त्या पिवळ्या चिठ्ठीला आम्ही टूलटिप म्हणतो. ती मुळात चुका सांगायला जन्मलीच नव्हती."

मग त्याने मला या चिठ्ठीची जन्मकथा सांगितली. पडद्यावर चित्रांची बटणे आली तेव्हा कोणत्या चित्राचा अर्थ काय, हे माणसांना उमगेना. म्हणून अमेरिकेतल्या ॲपल कंपनीने १९९१ साली आपल्या संगणकात एक सोय केली. बाण चित्रावर नेला की व्यंगचित्रातल्या पात्राच्या तोंडून निघावा तसा एक फुगा निघे आणि त्यात चित्राचा अर्थ लिहिलेला असे. पुढे मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमांतून याचीच लहानशी पिवळी आवृत्ती घरोघर गेली. म्हणजे ही चिठ्ठी दुकानातल्या मालावर लावलेल्या लेबलासारखी होती. कोणी जवळ येऊन पाहिले तर नाव सांगावे, नाहीतर गप्प राहावे. लेबलाने आरडाओरडा करू नये, हीच तिची मर्यादा आणि हाच तिचा सद्गुण. पुढे कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी याच लेबलावर चुका लिहायला सुरुवात केली, आणि घोटाळा तेथे झाला.

"तुमच्या कार्यालयातल्या कार्यक्रमात नेमकं तेच आहे," भाचा म्हणाला. "कार्यक्रम लिहिण्याच्या तयार साहित्यात तो तांबडा दिवा आयता मिळतो. चौकटीला चिकटवला की चूक झाल्यावर लुकलुकतो. पण का लुकलुकतो, ते बाण वर नेल्याशिवाय सांगत नाही. शिवाय त्या साहित्यात चिठ्ठीची वेळ आधीच ठरलेली असते. अर्ध्या सेकंदानं उघडायचं आणि पाच सेकंदांनी मिटायचं. कोणी मुद्दाम बदलली नाही तर जगभर तीच."

पाच सेकंद! माझ्या चाळिशीचा आणि त्या मुलीच्या वर्षाचा निकाल पाच सेकंदांत लागला होता तर!

"आणि दिवा पेटलेला असताना 'सेव्ह' कसं झालं?"

"दिवा नुसता लुकलुकतो, मामा. दार अडवणं हे त्याचं काम नाही. ते कार्यक्रम लिहिणाऱ्यानं वेगळं सांगावं लागतं. इथं ते राहून गेलंय. चुकीचा मजकूर टाकून देऊन चौकट कोरी ठेवायची, एवढंच त्यात लिहिलेलं दिसतंय."

त्याच दिवशी ठरले. प्राचार्यांची परवानगी घेऊन भाच्याने तो कार्यक्रम दुरुस्त करावा, आणि चुकांचे सारे निरोप मी मराठीत लिहून द्यावेत. मी म्हटले, यात काय अवघड आहे! कागद घेतला आणि तासाभरात सतरा निरोप लिहून हातावेगळे केले. पहिलाच निरोप असा होता : "अवैध निविष्टी. कृपया विहित नमुन्यातील वैध मूल्य प्रविष्ट करावे."

कागद पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "ही कुणावर नोटीस बजावताय?"

मला राग आला. आपल्या भाषेला कारभाराचे शब्द देण्याची परंपरा काही आजची नाही. शिवछत्रपतींनी सतराव्या शतकात फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० सालीच भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने शासनव्यवहाराचे कोश तयार केले. 'क्रमांक', 'दिनांक' हे शब्द एकेकाळी नवे होते. आज ते आपल्या जिभेवर रुळले आहेत. हे सारे मी तावातावाने सांगितले. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "ते खरं. पण आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, नि पेपरात रोज 'अवैध' येतं ते दारूच्या बाटलीला चिकटून, नाहीतर वाळूच्या ट्रकला. पोराचं नाव टाकलं नि मशीन म्हणालं 'अवैध', तर त्या पोराच्या आईला काय वाटेल?"

यावर मजजवळ उत्तर नव्हते. कोशातला शब्द चुकीचा नव्हता. त्याची जागा चुकली होती. तो शब्द कायद्याच्या पानावर शोभतो. घाबरत घाबरत फॉर्म भरणाऱ्याच्या कानाशी तो ओरडला म्हणजे माणूस गांगरतो. शिवाय माझ्या त्या भारदस्त निरोपात एक गोष्ट मुळीच नव्हती : नेमके काय चुकले? 'वैध मूल्य' म्हणजे कोणते, हे ज्याला ठाऊक आहे तो मुळात चुकलाच कशाला असता?

मग आम्ही त्या मुलीचाच जुना अर्ज समोर घेतला. आयएफएससी हा बँकेच्या शाखेचा अकरा चिन्हांचा संकेत असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, शेवटची सहा चिन्हे शाखेची, आणि मधले पाचवे चिन्ह नेहमी शून्य. मी त्या शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' हे अक्षर दाबले होते. पासबुकावर छापलेले शून्य आणि ओ जुळ्या भावांसारखे दिसतात. चूक एवढीशी. तेव्हा निरोप लिहिला : "पाचवे चिन्ह शून्य हवे. येथे 'ओ' हे अक्षर पडले आहे."

भाचा म्हणाला, "पाचवं चिन्ह नेहमी शून्यच असतं, तर यंत्रानं स्वतःच सुधारून टाकलं तर?"

मला ते पटले. जेथे एकच उत्तर शक्य आहे तेथे माणसाला चूक दाखवून ओशाळे कशाला करावे? सुधारावे आणि 'ओ च्या जागी शून्य केले आहे' इतके सांगून ठेवावे. पण सगळीकडे हे चालत नाही. आधार क्रमांकाचेच पाहा. त्याचे बारा आकडे असतात; त्यांतला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणित करून काढलेला असतो. हे गणित फेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडले. त्याची खुबी अशी की, कोणताही एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर यंत्राला तत्काळ कळते. पण कोणता चुकला ते मात्र कळत नाही! तेव्हा तेथे यंत्राने सर्वज्ञपणाचा आव आणू नये. आम्ही लिहिले : "बारांपैकी एखादा आकडा चुकला असावा. कार्डावरून पुन्हा ताडून पाहा."

पिनकोडाच्या चौकटीपाशी आलो तेव्हा मला मुद्दाम थांबून भाच्याला एक गोष्ट सांगावीशी वाटली. पत्रांचा हा सहा आकडी संकेत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची योजना आखणारे टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे नामांकित कवी होते. भारतात गावांची नावे सारखी, भाषा अनेक, अक्षरे वाचता येत नाहीत. पत्रे भलतीकडे जात. त्यांनी पत्ता चुकणाऱ्याला दोष दिला नाही. चूक झाली तरी पत्र पोहोचेल अशी सोय केली. पहिला आकडा चार दिसला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या बाजूचे हे टपालवाल्याला कळते. वर्ध्याचा ४४२००१ ही तर आमच्याकडची तोंडपाठ संख्या. आम्ही निरोप लिहिला : "पिनकोड सहा आकडी असतो. येथे पाचच आकडे दिसतात."

असे सतरा निरोप पुन्हा लिहायला मला तास नव्हे, चार दिवस लागले. पण खरी गंमत पुढेच होती.

निरोप तयार झाले. आता ते दाखवायचे कसे? साध्या पिवळ्या चिठ्ठीत अक्षर वाढवता येईना. भाच्याने खटपट करून चिठ्ठी स्वतः रंगवण्याची आज्ञा लिहिली. अक्षर मोठे झाले. पण चिठ्ठीची उंची त्याने इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेली होती. इंग्रजी अक्षर एका ओळीत नीट बसते. आपल्या अक्षराला वर मात्रा-वेलांटी असते आणि खाली उकार. पहिल्या प्रयोगाला सौभाग्यवतींना बसवले. त्यांनी मुद्दाम तारीख चुकवली. चिठ्ठी उघडली, आणि त्या मोठ्याने वाचू लागल्या, "पन्हा भरा... पन्हं? कैरीचं पन्हं भरायचं?"

'पुन्हा'चा उकार खाली कापला गेला होता! मे महिना होता, तेव्हा आधी पन्हे झाले आणि मग चिठ्ठीची उंची वाढवण्यात आली.

दुसरा प्रयोगही त्यांच्यावरच झाला. त्यांनी नावाच्या चौकटीत पहिले अक्षर टाकले मात्र, लगेच चिठ्ठी : "नाव अपुरे आहे." दुसरे अक्षर, पुन्हा तेच. त्यांनी हात वर केले. "अगंबाई, ही तर तोंड उघडायच्या आत चूक काढणारी सासू! जरा बोलू तर द्या!" तेव्हा नियम ठरला. माणूस लिहीत असताना गप्प बसायचे. तो चौकट सोडून पुढे निघाला की मग सांगायचे.

तिसरा घोळ असा की, चिठ्ठी नेमकी पुढच्या चौकटीवर उघडून तीच झाकून टाकी. शिवाय बाण वर नेल्याशिवाय ती बोलतच नसे. जी माणसे माउसला हात न लावता नुसत्या कळफलकाने झरझर पुढे जातात त्यांना तर ती जन्मात दिसली नसती. शेवटी भाच्याने जुनी टूलटिप सोडून दिली आणि स्वतःची छोटी खिडकी बनवली. ती चुकलेल्या चौकटीच्या उजव्या हाताला रिकाम्या जागी उघडते, बाणाची वाट पाहत नाही, पाच सेकंदांनी पळून जात नाही. चूक सुधारली की आपणहून मिटते. रंग तांबडा, पण नुसत्या रंगावर भिस्त नाही, कारण तांबडा-हिरवा भेद न कळणारी माणसेही असतात. म्हणून आरंभी 'पाहा :' एवढा शब्द. आणि मुख्य म्हणजे, माणसाने लिहिलेला मजकूर ती पुसत नाही. चुकलेला का होईना, तो त्याने कष्टाने लिहिलेला असतो. तो समोर राहिला तरच सुधारता येतो. चूक शिल्लक असेल तर 'सेव्ह'ही होत नाही. यंत्र त्या चौकटीपाशी परत नेऊन उभे करते.

आता कार्यक्रम निर्दोष झाला अशा समजुतीने आम्ही तो कार्यालयातल्या वयोवृद्ध बाबूंपुढे ठेवला. त्यांनी स्वच्छ मराठी आकड्यांत जन्मतारीख टाकली. खिडकी उघडली : "येथे फक्त अंक लिहा." बाबूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "सर, हे अंक नाही तं काय अक्षता हायेत?"

मी भाच्याकडे पाहिले, भाचा ओशाळला. आपण ज्याला पाच म्हणतो तो इंग्रजी आकडा आणि मराठी आकडा यंत्राच्या लेखी दोन निरनिराळी चिन्हे आहेत. जगातल्या लिप्यांची जी युनिकोड नावाची वर्णनोंद आहे तिच्यात दोघांना वेगवेगळे क्रमांक आहेत. भाच्याने यंत्राला फक्त इंग्रजी अंक ओळखायला शिकवले होते. म्हणजे चूक बाबूंची नव्हतीच, आमची होती, आणि निरोप मात्र बाबूंना खोटे पाडीत होता! तसाच प्रकार 'ओम' नावाच्या मुलाचा. नाव किमान तीन अक्षरी असावे असा जुन्या कार्यक्रमात नियम होता. ओम बिचारा दोन अक्षरांत आटोपतो. उलट 'श्री' आपल्याला एकच अक्षर वाटते, पण यंत्र त्यात चार चिन्हे मोजते. हे कळल्यावर आम्ही पाच नियम सरळ काढून टाकले. सतरा निरोपांचे बारा झाले. त्या दिवशी मला उमगले की, चुकीचा निरोप लिहायला बसले म्हणजे आधी तपासायचे ते हे : चूक खरोखर समोरच्याची आहे ना?

जून उजाडला. त्या मुलीच्या घरी मी पुन्हा गेलो. या खेपेस स्पष्टीकरण घेऊन नव्हे, फॉर्म घेऊन गेलो. आई म्हणाली, "पोरगी कमावून राहिली जी आता." मुलगी आतून सारे ऐकत होती. ती बाहेर आली आणि तिने एवढेच विचारले, "सर, या वर्षी तरी होईल?" 'होईल' असे म्हणायला माझी जीभ रेटेना. मी म्हटले, "अर्ज तूच भर. मी बाजूला बसतो."

ती आली. कार्यालयातल्या खुर्चीवर अवघडून बसली आणि सावकाश एकेक चौकट भरू लागली. बँकेच्या संकेताला शून्य बरोबर पडले. ती जागा ती विसरलेली नव्हती. पण आधारच्या आकड्यांत तिचे दोन अंक उलटे पडले. शेजारी खिडकी उघडली. मी श्वास रोखून पाहत होतो. काही सांगायचे नाही असे ठरवले होते. तिने निरोप वाचला, कार्ड हातात घेतले, बोटाने एकेक आकडा ताडला, दोन आकडे बदलले. खिडकी मिटली. तिने माझ्याकडे वळूनही पाहिले नाही; पुढच्या चौकटीत गेली. ज्या गोष्टीने आदल्या वर्षी तिला कॉलेजबाहेर काढले होते ती गोष्ट दहा सेकंदांत निस्तरली, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटलेही नाही. मला वाटते, नीट सांगितलेल्या चुकीचे यश यातच आहे. ती चूक मनात राहत नाही.

डिसेंबरच्या यादीत तिचे नाव होते. तिचे एक वर्ष मात्र गेले ते गेलेच. ते कोणता कार्यक्रम परत देणार? तिच्या बरोबरीच्या मुली आज तिच्या पुढे आहेत. हे मी विसरू नये म्हणून तो जुना अर्ज मी टेबलाच्या खणात ठेवला आहे.

त्याच महिन्यात प्रथम वर्षाच्या निबंधांचा गठ्ठा माझ्यापुढे आला. सवयीने तांबडे पेन उचलले. पहिल्याच पानावर एक वाक्य अडखळले होते. समासात मी वीस वर्षे जे लिहीत आलो तेच लिहायला हात गेला : "अशुद्ध!" आणि पुढे ते उद्गारचिन्ह. तांबड्या वर्तुळात लुकलुकणारे, काय चुकले ते न सांगणारे, नुसतेच डोळे वटारणारे! माझा हात जागच्या जागी थांबला. त्या यंत्राला मी वर्षभर दोष देत होतो. पण ते यंत्र तर माझीच नक्कल करीत होते. किती मुलांनी माझे ते उद्गारचिन्ह पाहिले असेल, ते कशाबद्दल आहे हे विचारण्याचे धैर्य झाले नसेल, आणि त्यांनी वही मिटून टाकली असेल!

मी 'अशुद्ध' खोडले आणि समासात लिहिले, "कर्ता अनेकवचनी आहे, क्रियापदही तसे हवे. बाकी वाक्य छान." एवढे लिहायला वेळ लागतो, हे खरे. पन्नास वह्यांना पूर्वी एक संध्याकाळ पुरे, आता तीन लागतात. सौभाग्यवती विचारतात, "अजून झालं नाही?" मी म्हणतो, "चार-दोन घाणे उरलेत."

या दिवाळीत आपल्याही घरी चकलीचा एखादा घाणा बिघडेल, मुलाचे प्रगतिपुस्तक येईल, आजोबा मोबाईलवर भलतेच बटण दाबून बसतील. तेव्हा आपण काय म्हणणार? माझे म्हणाल तर, आरामखुर्ची सोडून मी आता कढईपाशी जाऊन उभा राहू लागलो आहे. मोहन किती आणि भाजणी किती, हे मात्र अजून त्या मावशीलाच विचारावे लागते.